व्हॉल्वचा गिटार अँप घरी बनवला: फेंडर चॅम्प (५एफ१), आपल्या २३० व्होल्टवर

सहातारी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज रविवार मोकळा मिळाला. गेले आठ महिने शनिवार-रविवार आणि अधूनमधून रात्री बसून एक व्हॉल्वचा (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांचा) गिटार अँप बनवलाय. फेंडरचा जुना चॅम्प, सर्किट ५एफ१. तीन व्हॉल्व, एक व्हॉल्यूमचा नॉब, जेमतेम ५ वॅट, ना बास ना ट्रेबल. आणि आवाज असा की पहिल्या दिवशी नुसतं ई मेजर वाजवून तार मरेपर्यंत ऐकत बसलो होतो.

धागा काढायचं कारण म्हणजे नेटवर जे मिळतं ते बहुतेक सगळं १२० व्होल्ट ६० हर्ट्झवाल्यांसाठी लिहिलेलं असतं, किट मागवा आणि जोडा, झालं. इथे पुण्यात बसून तेच करायला गेलं की पहिल्याच पायरीला अडतं, ट्रान्सफॉर्मरपाशी. म्हणून मी कुठे अडलो आणि कसा सुटलो ते लिहून ठेवतो, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी थोडं सर्किटबद्दल. फेंडरच्या त्या काळच्या नंबरांचा अर्थ सोपा आहे, ५ म्हणजे पन्नासचं दशक, एफ म्हणजे सर्किटची आवृत्ती, १ म्हणजे मॉडेल चॅम्प. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात फुलर्टनला त्याचं रेडिओचं दुकान होतं, आणि हे सर्किट बघितलं की ते लगेच कळतं. आपल्या आजोबांच्या रेडिओचा मागचा अर्धा भाग काढून त्याला गिटार लावलीये असंच दिसतं. पुढे एक १२एएक्स७, त्यात दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवायच्या दोन स्टेज. मागे एक ६व्ही६, आणि एसीचं डीसी करायला ५वाय३ (रेक्टिफायर). प्रत्येक ट्रायोडच्या प्लेटला १०० के (किलोओहम), कॅथोडला दीड के, मध्ये ०.०२ मायक्रोफॅरडचे कपलिंग कपॅसिटर, ६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहम. स्पीकरकडून २२ के मधून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत देणं). संपलं सर्किट, एका पोस्टकार्डावर मावतं.

आता ट्रान्सफॉर्मर. पॉवरचा मी इथेच वाइंडिंगवाल्याकडून करून घेतला: प्रायमरीला ०-२३०-२४०, सेकंडरी ३२५-०-३२५ ८० मिलीअँपिअर, ५ व्होल्ट २ अँपिअर, ६.३ व्होल्ट २ अँपिअर. ५० हर्ट्झला कोअर मोठा लागतो, त्यामुळे अमेरिकन ट्रान्सफॉर्मरच्या मापाचा आग्रह धरू नका, वाइंडिंगवाल्याला स्टॅम्पिंग (कोअरच्या लोखंडी पट्ट्या) त्याच्या हिशोबाने घेऊ द्या. हा पहिल्या फटक्यात उत्तम निघाला. गंमत झाली आउटपुटला.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर ७ के ते ८ ओहम सांगितला होता, म्हणजे वळशांचं गुणोत्तर साधारण ३० ला १. मिळाला, लावला, अँप सुरू झाला, वरच्या तारांवर आवाज छान आणि जाड ई तारेवर एकदम पोकळ, फाटका. तीन आठवडे मी कपॅसिटर बदलत बसलो. कॅथोडचे बदलले, कपलिंगचे बदलले, स्पीकरही बदलून बघितला. शेवटी ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट काढून बाजूने निरखून बघितलं तेव्हा दिसलं की ई आणि आय स्टॅम्पिंग एक उलट एक सुलट अशी भरलीयेत, साध्या मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरसारखी. एकाच ६व्ही६ च्या अँपमध्ये या वाइंडिंगमधून सतत ४० मिलीअँपिअरच्या आसपास डीसी वाहत असतो, कोअरमध्ये फट नसेल तर तो त्या डीसीनेच भरून जातो आणि खालच्या सुरांना जागाच उरत नाही. परत घेऊन गेलो. सगळ्या ई एका बाजूने, सगळ्या आय दुसऱ्या बाजूने, मध्ये पातळ इन्सुलेशन पेपर, आणि परत आवळून वॉर्निश. संध्याकाळी घरी आणून लावला आणि ती ई तार वाजवली, तेव्हा लाकडी खोका पायाशी थरथरला. त्या तीन आठवड्यांत मी जे कपॅसिटर बदलले त्यातल्या एकानेही फरक पडला नव्हता हे आवर्जून सांगतो.

बोर्डासाठी हायलमची (वीज न वाहणाऱ्या कडक लॅमिनेटची) ३ मिमी शीट घेतली, त्यात भोकं पाडून पितळी आयलेट ठोकले, हे चप्पल-बॅगांच्या सामानाच्या दुकानात मिळाले. रेझिस्टर, पॉट, जॅक वगैरे बुधवार पेठेत आणि तापकीर गल्लीत फिरून. ऑक्टल सॉकेट जुन्या बाजारात, नवे व्हॉल्व ऑनलाइन. चासी (सगळं ज्यावर बसतं तो धातूचा सांगाडा) १.६ मिमी अ‍ॅल्युमिनियम, भोकं १२एएक्स७ ला २२ मिमी आणि ऑक्टलला २९ मिमी. खोका टिंबर मार्केटमधल्या पॅकिंगच्या पाइनवुडचा, स्पीकर १० इंची ८ ओहम (मूळ चॅम्पमध्ये ८ इंची असायचा). सगळं मिळून २६ हजारांच्या आसपास गेले, त्यात फुकट गेलेले कपॅसिटरही आले.

माझं स्पष्ट मत सांगतो आणि यावर वाद घालायला तयार आहे: पैसे आणि वेळ ट्रान्सफॉर्मरवर आणि वायरिंगच्या मांडणीवर घाला. कपॅसिटर कोणत्या कंपनीचा, रेझिस्टर कार्बनचा की मेटल फिल्म, हे शेवटी बघा.

विचारा काय विचारायचं ते.

जुना_रेडिओ

अरे वा, फार बरं वाटलं वाचून. मी १९७४ पासून रेडिओ दुरुस्तीत होतो, नंतर टीव्ही, आता नुसता छंद. आउटपुटच्या स्टॅम्पिंगचं तू जे लिहिलंयस ते अगदी बरोबर, रेडिओचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर आम्ही तसेच भरायचो, पण आता वाइंडिंगच्या दुकानातली नवी मुलं इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझरचं काम करतात, त्यांनी असा ट्रान्सफॉर्मर पाहिलेलाच नसतो, त्यांचा दोष नाही. ऑर्डर देतानाच कागदावर चित्र काढून द्यावं.

पण बाळा, एक गोष्ट तू लिहिली नाहीस आणि ती सगळ्यात आधी हवी होती. हे वाचून कोणीतरी पोरगा माळ्यावरचा जुना रेडिओ काढेल आणि म्हणेल याचाच गिटार अँप करू. तर मंडळी, मागचं झाकण काढून व्हॉल्ववरचा नंबर वाचा. पहिलं अक्षर ई असेल, जसं ईसीसी८३, ईएल८४, तर फिलामेंट ६.३ व्होल्टचं. पण पहिलं अक्षर यू असेल, यूएल८४, यूवाय८५ वगैरे, तर तो एसी-डीसी सेट. त्यात मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो, फिलामेंट एकामागे एक सिरीजमध्ये असतात आणि चासी थेट मेन्सच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी चासी २३० व्होल्टवर. रेडिओला लाकडी खोकं आणि प्लास्टिकचे नॉब असायचे म्हणून माणसं वाचली. त्याला गिटार लावली तर गिटारच्या तारा चासीला, आणि तारांवर तुमचा हात. असल्या सेटला गिटार लावायची नाही म्हणजे नाही.

सहातारी

काका, खरंच चुकलं माझं, सुरक्षिततेचं वरच लिहायला हवं होतं. आता लिहितो.

बंद केलेल्या अँपमध्येही फिल्टर कपॅसिटरमध्ये (रेक्टिफायरनंतरचं डीसी सपाट करणारे) ३०० च्या वर व्होल्ट शिल्लक राहू शकतात, प्लग काढला तरी. मी पहिल्या कपॅसिटरवर २२० के २ वॅटचा ब्लीडर (कपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा रेझिस्टर) कायमचा लावलाय, आणि तरीही दर वेळी हात घालायच्या आधी मीटरने मोजतो, आणि ५ के ५ वॅटच्या रेझिस्टरला दोन क्रोकोडाइल क्लिप लावून ठेवलेत त्याने रिकामा करतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचं नाही. चालू अँपवर मोजताना एक हात खिशात. थ्री पिन वायर, अर्थिंगचा स्वतःचा वेगळा बोल्ट चासीवर, त्या बोल्टला दुसरं काही लावायचं नाही. आणि घरातल्या सॉकेटचं अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आमच्या जुन्या वाड्यात सॉकेटला तिसरं भोक होतं पण मागे वायरच नव्हती.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवरून (मेन्सच्या वाटेत बल्ब असलेला बोर्ड), ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब. एलईडीचा चालणार नाही.

नाशिकचा_नवशिका

दादा खूप भारी लिहिलंय, मी दोन वर्षं गिटार वाजवतोय आणि सोल्डरिंग येतं (इफेक्ट पेडल तीन बनवलेत, चालतात), मला ५ई३ बनवायचा होता म्हणजे ट्वीड डिलक्स, १५ वॅट मिळतील, दोन चॅनल मिळतील, तर सरळ तोच केला तर चालेल का की चॅम्पपासूनच सुरुवात करू? आणि १५ हजारात बसेल का?

सहातारी

चॅम्पपासून कर. ५ई३ मध्ये दोन ६व्ही६ पुशपुल (आळीपाळीने काम करणारे), फेज इन्व्हर्टर, दोन व्हॉल्यूम जे एकमेकांवर परिणाम करतात, अप्रतिम अँप आहे आणि माझाही पुढचा तोच. पण पेडलमध्ये ९ व्होल्ट असतात, चूक झाली तर आयसी जातो. इथे चूक झाली तर काय होतं ते काकांनी सांगितलंच. चॅम्पमध्ये जोडण्या कमी, त्यामुळे प्रत्येक जोडणी तुला कळेल.

१५ हजारात नव्या व्हॉल्वसकट कठीण वाटतं. खोका आणि स्पीकर नंतर कर, आधी घरातल्या कोणत्याही ८ ओहम स्पीकरवर चालव. पण स्पीकर न लावता अँप कधीच चालू करू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल.

सॅन_होजे_ची_मी

मस्त धागा! मी इकडे बे एरियात किट आणून ५एफ१ बनवला दोन वर्षांपूर्वी, मुलगी शाळेत असायची तेव्हा डायनिंग टेबलवर. तुझा ट्रान्सफॉर्मरचा भाग वाचून वाटलं की मला सगळं डब्यात तयार मिळालं म्हणून या गोष्टी कळल्याच नव्हत्या.

एक भर घालते, इथून कोणी अँप भारतात नेणार असेल तर. मी गेल्या डिसेंबरात ठाण्याला नेला होता, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून ११५ व्होल्ट दिले आणि वाटलं झालं काम. पण व्होल्टेज कमी झालं तरी ५० हर्ट्झ काही ६० होत नाही, आणि फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. माझा तासाभरात हात ठेववेना इतका गरम झाला, आणि बारीक घूं असा आवाज चासीतूनच यायला लागला, स्पीकरमधून नाही. मग अर्धा तास वाजवायचं आणि बंद करायचं असं केलं. बनवतानाच ५०/६० दोन्हीला चालणारा ट्रान्सफॉर्मर घ्या.

आणि हमबद्दल (स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण) लिही ना, माझ्यात अजून थोडा आहे.

सहातारी

ताई, हमवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तो हम कोणता ते ओळखायचं. आपल्याकडे ५० हर्ट्झचा की १०० चा, तुमच्याकडे ६० की १२०. फोनवर फुकटचं स्पेक्ट्रम अ‍ॅप टाका, फोन स्पीकरसमोर ठेवा, कुठे टोक येतंय बघा. १०० ला असेल तर तो रेक्टिफायरनंतरचा रिपल, म्हणजे फिल्टर कपॅसिटर किंवा त्यांचं ग्राउंड. ५० ला असेल तर फिलामेंटच्या वायरी, नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, नाहीतर इनपुटचं ग्राउंड.

माझ्यात दोन्ही होते. १०० वाला असा सापडला: पहिल्या फिल्टर कपॅसिटरचं ग्राउंड मी इनपुट जॅकजवळच्या ग्राउंडला नेलं होतं, दिसायला वायर सुबक दिसत होती म्हणून. पण त्या कपॅसिटरमधून चार्जिंगचे मोठे मोठे झटके जातात, आणि ते झटके ज्या वायरमधून जातात त्याच वायरवर माझा इनपुटचा १ मेगचा रेझिस्टर टेकलेला. ती एक वायर कापली, पहिल्या कपॅसिटरचं निगेटिव्ह थेट एचटीच्या (उच्च व्होल्टच्या वाइंडिंगच्या) सेंटर टॅपला, म्हणजे मधल्या टोकाला जोडलं, ६व्ही६ च्या कॅथोडचं ग्राउंडही तिथेच, आणि पुढच्या स्टेजचं ग्राउंड वेगळं नेऊन इनपुट जॅकपाशी चासीला. शंभराचं टोक जवळपास गायब.

५० वाला: वाइंडिंगवाल्याने ६.३ ला सेंटर टॅप काढला नव्हता. मग १०० ओहमचे दोन रेझिस्टर, दोन्ही टोकांकडून एकेक, मध्यबिंदू ग्राउंडला. कमी झाला. मग तो मध्यबिंदू ग्राउंडवरून काढून ६व्ही६ च्या कॅथोडला लावला, तिथे १९ व्होल्ट असतात, फिलामेंट १२एएक्स७ च्या कॅथोडपेक्षा वर उचललं जातं. अजून कमी झाला. फिलामेंटच्या वायरी वेणीसारख्या घट्ट पिळा, चासीच्या कोपऱ्यातून न्या आणि ग्रिडच्या (व्हॉल्वला सिग्नल जिथे देतात त्या टोकाच्या) वायरीला ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

आणि ट्रान्सफॉर्मर कुठे बसवायचे ते भोकं पाडायच्या आधी ठरवा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन लावा, पॉवर ट्रान्सफॉर्मरला फक्त मेन्स द्या (बाकी सगळी टोकं टेप लावून बंद), आणि आउटपुटवाला हाताने हळूहळू फिरवत फिरवत ऐका. एका ठिकाणी हम एकदम खाली जातो, तिथे पेन्सिलने खूण करा.

सॅन_होजे_ची_मी

हे हेडफोनचं माहितीच नव्हतं. कॅथोडवर फिलामेंट उचलायचं या वीकेंडला करते.

कोकणी_बेंजो

आमची बेंजो पार्टी आहे रत्नागिरीकडे, गणपती, शिमगा, लग्नं. बेंजोला पिकअप लावून मोठ्या मशीनमधून भोंग्यावर सोडतो. आमचे आधीचे जे वाजवणारे होते त्यांच्याकडे व्हॉल्वचं मशीन होतं, ते म्हणायचे की तारेचा टणका असा दुसऱ्या मशीनला येत नाही. माझा प्रश्न, हा ५ वॅटचा मिरवणुकीत चालेल का? आणि पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीला पाणी सुटतं, तेव्हा असल्या मशीनचं काय करायचं?

सहातारी

मिरवणुकीत ५ वॅट ऐकूच येणार नाही दादा, ढोल-ताशासमोर तर नाहीच. पण घरी सरावाला किंवा रेकॉर्डिंगला याच्यासमोर माइक ठेवून बघा, बेंजोच्या तारेला तो टणका नक्की येईल असं मला वाटतं, कारण जोरात छेडलं की आवाज नुसता वाढत नाही, जरा दाटतो. करून बघितलंत तर इथे टाका, मला खरंच ऐकायचंय.

जुना_रेडिओ

पावसाळ्याचं मी सांगतो. बंद पडून राहिलं तर जास्त बिघडतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवायचं, व्हॉल्वच्या उष्णतेनेच आत कोरडं राहतं. दोन-तीन महिने बंद होतं तर आधी सिरीज बल्बवरून चालू करायचं, बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर लगेच बंद. सॉकेटवर आणि हायलमवर बुरशी, धूळ, फ्लक्स साचला की त्यातून एचटी गळतं, आयसोप्रोपिलने ब्रश मारून पुसायचं. आणि व्हॉल्वच्या पिना मधूनमधून हलवून बसवायच्या, काळ्या पडतात.

भौतिकी_सर

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, गिटार येत नाही, पण धागा आवडला. "जोरात छेडलं की दाटतो" याबद्दल. साधारणपणे सगळीकडे वाचायला मिळतं की व्हॉल्व रेक्टिफायरचं व्होल्टेज दाबलं जातं म्हणून आवाज दाटतो. ते ५ई३ सारख्या पुशपुल अँपला मोठ्या प्रमाणात लागू आहे, कारण तिथे जोरात वाजवलं की करंट वाढतो. पण चॅम्पमध्ये एकच ६व्ही६, क्लास ए, म्हणजे गिटार वाजत असो वा नसो, सरासरी करंट जवळजवळ सारखाच. मग रेक्टिफायर दाबला जाण्याचं फारसं कारणच राहत नाही.

माझ्या मते चॅम्पमध्ये जे होतं ते असं. सिग्नल इतका मोठा झाला की ६व्ही६ चं ग्रिड कॅथोडपेक्षा पॉझिटिव्ह व्हायला लागतं, तेव्हा ग्रिड स्वतःच करंट ओढतं, आणि त्याच्या आधीचा ०.०२ चा कपॅसिटर त्या करंटने चार्ज होतो. त्यामुळे बायस (ग्रिडचं मूळचं व्होल्टेज) थोडा वेळ खाली सरकतो, मग २२० के मधून हळूहळू परत येतो. ०.०२ मायक्रोफॅरड गुणिले २२० के म्हणजे ४ मिलीसेकंदांच्या जरा वर. तार छेडल्यावरचा पहिला क्षण दबून मग आवाज उमलतो तो यामुळे.

सहातारी

सर, हे वाचून मी खाली जाऊन अँपसमोर बसलो आणि मोजलं. एचटीवर मीटर लावून जोरात वाजवलं, ३२८ व्होल्टवरून ३२४. चारच व्होल्ट. तुमचं बरोबर आहे, मी इतके दिवस ५वाय३ ला श्रेय देत होतो.

धातूचा_आवाज

मी जरा वेगळं मत मांडतो. हे सगळं ठीक आहे पण आज १० हजारात मॉडेलिंगचा अँप मिळतो, त्यात चॅम्पही आहे, डिलक्सही आहे, शॉक लागायची भीती नाही, फ्लॅटमध्ये हेडफोन लावून वाजवता येतं. मी माझ्या बँडमध्ये तेच वापरतो, समोर कोणाला फरक कळत नाही.

सहातारी

समोरच्याला कळत नसेल हे मान्य, आणि स्टेजवर नेण्यासाठी मीही तेच सांगेन. पण वाजवणाऱ्याला कळतं. माझा व्हॉल्यूम ७ वर ठेवून गिटारचा नॉब ४ वर आणला की स्वच्छ, बोटांनी वाजवलं तर अजून स्वच्छ, आणि पिकने मुद्दाम ओढलं तर तेवढाच एक सूर फाटतो, बाकीचे तसेच. उजव्या हाताला काय करायचं हे मी या अँपपाशी शिकलो. आणि दुसरं, माझ्याकडे या अँपचं काहीही बिघडलं तरी ते मी दुरुस्त करू शकतो.

धातूचा_आवाज

उजव्या हाताचं पटलं. पुण्यात आलो की ऐकायला येईन.

नाशिकचा_नवशिका

दादा, अपडेट. दोन महिन्यांनी लिहितोय. आउटपुटचं चित्र काढून दिलं होतं काकांनी सांगितलं तसं, वाइंडिंगवाल्यांनी माझ्यासमोरच ई एका बाजूने भरून दाखवल्या. बोर्ड झाला, वायरिंग तीनदा तपासली. एक प्रश्न, हम येऊच नये म्हणून पहिला कपॅसिटर १६ च्या ऐवजी १०० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा लावू का, घरात पडलाय.

सहातारी

नको नको, थांब. दोन कारणं. ५वाय३ ला पहिल्या कपॅसिटरचा चार्जिंग करंट सोसत नाही, डेटाशीटमध्ये तो कपॅसिटर २० मायक्रोफॅरडचाच धरलाय, १०० लावलास तर आत ठिणगी पडून व्हॉल्व जाईल. १६ किंवा २२ लाव. हम कमी करायचाच तर पुढचे दोन कपॅसिटर, १० के आणि २२ के नंतरचे, ८ च्या जागी २२ कर.

दुसरं, ४५० व्होल्ट पुरत नाही. चालू केल्यावर ५वाय३ लगेच तापतो, ६व्ही६ ला वेळ लागतो, तेवढे काही सेकंद कोणी करंट ओढत नाही आणि व्होल्टेज ३२५ गुणिले १.४१ म्हणजे ४५८ पर्यंत चढतं. ५०० व्होल्टचे घे, तिन्ही.

आणि चालू करतानाचा क्रम सांगतो. सिरीज बल्ब लाव, कोणताही व्हॉल्व नको. एचटीच्या दोन टोकांत ६५० च्या आसपास एसी दिसेल, तुझा मीटर तेवढं झेपणारा आहे ना ते आधी बघ, नाहीतर सेंटर टॅपपासून एकेक बाजू मोज. मग १२एएक्स७ आणि ६व्ही६ बसव, फिलामेंट लाल होतायत का बघ. मग बंद करून ५वाय३. स्पीकर लावलेला पाहिजे.

नाशिकचा_नवशिका

दादा चालू झाला पण!!! बल्ब एकदा चमकून मंद झाला, मग थेट मेन्सवर लावला, वीस सेकंदांनी अशी किंकाळी आली स्पीकरमधून की आई धावत आली. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही. बंद केलाय. काय जळलं असेल?

जुना_रेडिओ

काही जळलेलं नाही, घाबरू नकोस. फीडबॅक उलटा लागलाय.

सहातारी

काका म्हणतात तेच. व्हॉल्यूम शून्यावर असताना किंकाळी म्हणजे व्हॉल्यूमच्या नंतरचा भाग, आणि तिथे फीडबॅकच आहे. वाइंड करून घेतलेल्या आउटपुटला वायरींच्या रंगांची खात्री नसते, त्यामुळे पन्नास टक्के लोकांना हे होणारच. कपॅसिटर रिकामे कर, मोजून खात्री कर, मग फीडबॅकच्या २२ के चं एक टोक सोडवून चालू करून बघ. शांत झाला तर निदान पक्कं. मग आउटपुटच्या प्रायमरीच्या दोन वायरी, प्लेटची आणि एचटीची, आपसात बदल आणि २२ के परत जोड. आवाज २२ के नसतानापेक्षा थोडा कमी झाला पाहिजे, तसा झाला की बरोबर.

नाशिकचा_नवशिका

बरोबर निघालं!! २२ के काढल्यावर शांत, वायरी बदलून परत लावल्यावर आवाज जरा कमी आणि एकदम स्वच्छ. तासभर वाजवला. आईने पण एक गाणं म्हटलं, मी कॉर्ड धरले. हम कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही.

मोजलं ते लिहितो, ६व्ही६ ची प्लेट ३५६, कॅथोड २१.६. ठीक आहे ना? रात्री आमच्याकडे मेन्स २४६ दाखवतो.

सहातारी

शाब्बास! हिशोब करू. २१.६ भागिले ४७० म्हणजे ४६ मिलीअँपिअर, त्यातले ३ स्क्रीनचे (६व्ही६ मधल्या दुसऱ्या ग्रिडचे) सोडले तर प्लेटचे ४३. प्लेट ते कॅथोड ३३४ व्होल्ट. गुणाकार १४.४ वॅट. ६व्ही६जीटी ला जुन्या डेटाशीटमध्ये १२ दिलेत, नंतरच्यात १४. तू वर गेलायस. अंधारात बघ, प्लेटवर कुठे लालसर दिसतंय का.

तुझी प्रायमरी २३० च्या टॅपवर असेल, २४० वर लाव. तेवढ्याने नाही भागलं तर कॅथोडचा ४७० काढून ५६० ओहम २ वॅट.

नाशिकचा_नवशिका

लाल नव्हतं दिसत. २४० च्या टॅपवर प्लेट ३४१, कॅथोड २०.६, म्हणजे अजून १३ च्या वर. मग ५६० लावला. आता प्लेट ३४७, कॅथोड २२.१, मेन्स २४५ असताना. माझ्या हिशोबाने ३९.५ मिलीअँपिअर, स्क्रीनचे ३ सोडून ३६.५, गुणिले ३२५, ११.९ वॅट.

सहातारी

हा हिशोब बरोबर आहे. असाच राहू दे. आता खोका कर, आणि मागची फळी अर्धी उघडी ठेव, ६व्ही६ ला हवा लागते.